ब्रिटलबुशची पानं पांढरी पडतायत, पाणी वाढवू का?

नाही हो, पाणी अजिबात वाढवू नका, एवढ्यावरून रोग समजू नका. हे झुडूप मूळचं अमेरिका-मेक्सिकोकडच्या सोनोरा आणि मोहावी वाळवंटातलं, पाणी कमी झालं की नवीन पानं लहान येतात आणि त्यांच्यावरची पांढरी लव दाट होते, मग ऊन परावर्तित होऊन पान कमी तापतं, फार सुंदर सोय आहे ही! खूपच कोरडं पडलं तर पानं गाळूनही टाकतं, तेव्हा मेलं समजून उपटू नका प्लीज. दिवसभर ऊन हवं, माती खडीवाली, पाणी लगेच निचरणारी, चिकणमातीत मुळं कुजतात. कडक थंडी सोसत नाही. पिवळी डेझीसारखी फुलं तिकडे साधारण फेब्रुवारी ते मे, हिवाळी पाऊस चांगला झाला की डोंगरउतार पिवळेधमक होतात.