सव्वीस टक्क्यांची सवय

प्रश्न: चाकणला आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या एका छोट्या कंपनीचे 26 टक्के शेअर्स घ्यायचा करार झालाय. पैसे पुढच्या महिन्यात जायचेत. विकणारे म्हणतात, एवढ्याशा व्यवहाराला ब्रिटिश सरकारची परवानगी कशाला?

उत्तर: पैसे अजून गेले नाहीत, हे फार बरं झालं. तुम्ही पाठवलेल्या तपासणी अहवालात एक ओळ आहे: कार्बन फायबरच्या एका मालासाठी कंपनीने एक्सपोर्ट लायसन्स घेतलं होतं. मी तिथेच अडलो. लायसन्स लागलं म्हणजे तो माल बहुधा नागरी-लष्करी अशा दुहेरी वापराच्या यादीत असणार.

ब्रिटनचा नॅशनल सिक्युरिटी अँड इन्व्हेस्टमेंट ॲक्ट 4 जानेवारी 2022 ला लागू झाला, तेव्हा त्यात 17 संवेदनशील क्षेत्रं होती. दुहेरी वापराचा माल हे त्यांतलंच एक. अशा कंपनीतला हिस्सा 25 टक्क्यांच्या वर गेला की आधी कळवून मंजुरी घेणं सक्तीचं. व्यवहार केवढ्याचा, हे कायदा विचारत नाही. घेणारा चिनी असो, चाकणचा असो, की खुद्द लंडनचा.

मंजुरीआधी शेअर्स नावावर झाले, तर कायद्याच्या लेखी व्यवहार झालाच नाही. वर दंड 1 कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या 5 टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत. आणि इकडे तुमची बँक सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट मागणार. ते कुठून आणाल?

नुसत्या सहीने काही बिघडलेलं नाही. पुरवणी करार करा: मंजुरीपर्यंत ना पैसे, ना शेअर्स. अर्जाला फी नाही. तो स्वीकारल्यावर 30 कामकाजाचे दिवस. सखोल चौकशी लागली तर आणखी 30, त्यावर 45 वाढू शकतात. म्हणून मुदत सहा महिन्यांची ठेवा.

26 चा आकडा कुणी सुचवला? विशेष ठराव (ज्याला किमान 75 टक्के मतं लागतात) अडवता यावा म्हणून आपल्याकडे तो सवयीने लिहिला जातो. बरोबर 25 टक्क्यांपाशी थांबलात तर सक्ती टळेल, पण अडवायची ताकदही जाईल. शिवाय कारभारावर तुमचा प्रभाव दिसला, तर सरकार पाच वर्षांपर्यंत व्यवहार उकरून काढू शकतं. वेल्समधल्या न्यूपोर्टचा चिप कारखाना नेक्सपेरिया या चिनी मालकीच्या डच कंपनीने 2021 मध्ये ताब्यात घेतला, कायदा लागू होण्याआधीच. तरी नोव्हेंबर 2022 मध्ये 86 टक्के हिस्सा विकायचा हुकूम निघाला. तेव्हा 26 च ठेवा आणि अर्ज करा.

त्या लायसन्सची प्रत आजच मागवा. मालाचं वर्गीकरण मात्र तिथल्या वकिलाकडूनच तपासून घ्या, माझ्या अंदाजावर जाऊ नका.