प्राथमिक आरोग्य केंद्र मंजूर होऊनही वर्षानुवर्षं उभं का राहत नाही?

तुम्ही विचारलंय की खटाव तालुक्यातल्या तुमच्या गावाला आरोग्य केंद्र मंजूर होऊन पाच-सहा वर्षं झाली, भूमिपूजनाचा नारळही फुटला, तरी जागेवर नुसता बोर्ड आहे, मग ठेकेदारानं पैसे खाल्ले काय. मी सांगली जिल्ह्यातला, जत तालुक्याच्या पूर्व भागातला. ग्रामपंचायतीत मेंबर होतो तेव्हा आमच्या केंद्राच्या फायलीमागं भरपूर पळालोय, त्यावरनं सांगतो, ठेकेदार या सगळ्यात लई उशिरा येतो. निम्मा वेळ त्याच्या आधीच गेलेला असतो आणि राहिलेला तो गेल्यावर जातो. आणि भूमिपूजन झालं म्हणजे वर्क ऑर्डर (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) निघाली असं अजिबात धरू नका.

पहिलं अडतं ते जागेवर. आमच्याकडं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं रस्त्याकडंची चांगली जमीन दिली, ग्रामसभेत टाळ्या झाल्या, ठराव झाला, पण बक्षीसपत्र करायचं राहिलं. ते वारले, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली, त्यातली एक लेक सोलापूरला, एक पुतण्या म्हणतो मला विचारलंच नाही. आता जिल्हा परिषदेच्या नावावर सातबारा नसेल तर अंदाजपत्रकाला हात कोण लावणार? मोजणी, बक्षीसपत्र, फेरफार हे सगळं होईस्तोवर मंजुरी कागदावरच पडून राहिली. गायरान असेल तर वेगळा ताप, त्याला कलेक्टरपर्यंत प्रस्ताव जावा लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, गावानं सगळ्यात आधी सातबारा बघावा, बाकीचं नंतर.

मग प्रशासकीय मान्यता (म्हणजे कामाला नि खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (नकाशा-अंदाजपत्रकाला इंजिनिअरची मंजुरी), टेंडर. तोवर बांधकामाच्या सरकारी दरांची यादी, दरसूची, बदलते, जुन्या दरात कोण काम घ्यायला येत नाही, मग सुधारित मान्यतेला फाईल परत वर. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता. जिल्हा नियोजनचा पैसा असेल तर तो जिल्हा परिषदेला खर्चायला दोन वर्षं मिळतात, राहिला तर परत जातो, आणि जागेच्या घोळात दोन वर्षं कशी संपतात कळत नाही. त्यात मार्च 2022 ला जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं प्रशासकच होते, म्हणजे सभेत उभं राहून आमच्या केंद्राचं काय झालं असं विचारणारा आपला झेडपी मेंबरच नव्हता. याचा तोटा किती झालाय ते गावात राहणाऱ्यालाच कळतं.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती बिल्डिंग झाल्यावरच्या उशिराची. आमची इमारत रंगवून तयार झाली, लेबर रूममधलं टेबल प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, फरशीवर चुन्याचे डाग तसेच, आणि दाराला कुलूप. का तर विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) बसला नाही, पाण्याची लाईन नाही आणि मुख्य म्हणजे पदं मंजूर नाहीत. इमारतीची मंजुरी वेगळी नि माणसांची वेगळी हे कुणी आपल्याला सांगतच नाही. मेडिकल ऑफिसर, नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन या पदांचा प्रस्ताव मुंबईला जातो, त्याला वित्त विभागाची मान्यता लागते, आणि बांधकाम बरंच पुढं गेल्याशिवाय तो प्रस्ताव कुणी हलवत नाही. तोवर आमची सिस्टर समाजमंदिरात लसीचा डबा घेऊन बसायची, गरोदर बायकांना तपासायला आडोसा म्हणून दोरीवर साडी टाकायची. नवी इमारत तिथनं दिसायची.

वर केंद्र मंजूर करायचा हिशोब लोकसंख्येचा, सपाटीला 30 हजारांमागं एक केंद्र, डोंगरी नि आदिवासी भागात 20 हजारांमागं एक. लोकसंख्या पण 2011 च्या जनगणनेची, कारण 2021 ची झालीच नाही. वस्त्या किती लांब लांब विखुरल्यात ते त्यात कुठं येत नाही. मिरजेत 1894 ला मिशनचा दवाखाना निघाला, मेडिकल कॉलेज आहे, पण आमच्या जतच्या पूर्वेला उमदीकडच्या बाईला मिरज शंभर किलोमीटरच्या वर पडते, विजापूर जवळ पडतं. 108 ची गाडी 2014 पासनं आली हे लई चांगलं झालं, पण कळा सुरू झालेल्या बाईला तास-दोन तास रस्त्यावरच काढायला लागत असतील तर गाडी तरी काय करणार.

आता तुम्ही काय करा. नुसतं निवेदन देऊ नका, त्याच्यावर पोच मिळते आणि विषय संपतो. जिल्हा परिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. त्यात 'काम कधी होणार' असं विचारू नका, कागद मागा: प्रशासकीय मान्यतेची प्रत, जागेचा सातबारा, कार्यारंभ आदेश (हीच वर्क ऑर्डर) आणि त्यातली मुदत, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही), आणि पदनिर्मितीचा प्रस्ताव कुठल्या तारखेला कुणाकडं गेला त्याचं पत्र. यातला जो कागद 'उपलब्ध नाही' म्हणून येईल तिथंच तुमचं काम अडकलंय. अर्ज आरोग्य विभागाला एक नि बांधकाम विभागाला एक असा वेगवेगळा टाका, नाहीतर हे त्यांच्याकडं बोट दाखवतात नि ते यांच्याकडं.

आणि ग्रामसभेत ठराव घेताना पदं आणि वीजजोडणी आत्तापासनंच मागा, इमारतीची वाट बघू नका. तोवर ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत तात्पुरती ओपीडी सुरू करा असंही त्याच ठरावात लिहा आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन द्या, जाताना चार बायका बरोबर न्या ज्यांची बाळंतपणं तालुक्याच्या रस्त्यावर झालीत. आम्हाला तात्पुरती ओपीडी तशीच मिळाली. सातबाऱ्याचं काय निघतंय ते कळलं की इथंच लिहा, पुढचं बघू.