नाशिकमध्ये लॉन आणि बगीचा देखभालीचा छोटा धंदा आहे, तो वाढवायचा कसा?

नवीन गिऱ्हाईक शोधण्याआधी जुन्यांना महिन्याच्या मेंटेनन्सवर घ्या. लॉन लावून दिली की पैसे एकदाच. कापणी, खत, तण यांचे मात्र दर महिन्याला. कामंही जवळजवळची धरा. माझे सुरुवातीचे बंगले सगळे गंगापूर रोडला, माळ्याची दिवसात चार कामं व्हायची. पाथर्डी फाट्याचं एकच घेतलं आणि अर्धा दिवस टेम्पोतच गेला.

कोटेशनमध्ये घोळ होतो तो मातीचा. 1000 चौरस फुटांवर 3 इंच लाल माती म्हणजे अडीच ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट), शेणखत वेगळं. खालची जमीन काळी असेल तर पाणी धरून ठेवते, म्हणून पाणी वाहून जाईल असा उतार आधी द्या. आणि लव्हाळा! वरून उपटला की खालच्या गाठीतून परत फुटतो. खुरप्याने गाठीसकट काढा, मगच गवत लावा. मी एकदा घाई केली, जुलैत मालकीणबाईंचा फोन, "दादा, लॉन लावलीत की लव्हाळा?" सगळं पदरचं घालून परत केलं.

थंडीत गवताची वाढ मंदावते, जरा पिवळंही पडतं. हे दिवाळीतच सांगून ठेवा, नाहीतर डिसेंबरचं बिल हमखास अडतं.