पानामागची ओळ

देवगडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी ‘नीट’मध्ये दुसऱ्यांदा मागे राहिली. ‘तिसऱ्यांदा बसवतो. नाहीच जमलं तर वर्षभराचा सोनोग्राफीचा कोर्स करवून गावात सेंटर टाकून देतो. वाडीत तोंड दाखवायला हवं,’ असं ते लिहितात.

दादा, तुमच्या दोन पानांत मुलीचं म्हणणं कुठेच नाही. ती जेवायला बाहेर येत नाही, रात्रभर जागी असते, हे तुम्ही ‘अभ्यासाला लागली’ म्हणून कौतुकाने लिहिलंय. मला त्याचीच काळजी वाटते. आधी तिला डॉक्टरांकडे न्या आणि महिनाभर घरात मार्कांचा विषय काढू नका. आंब्याच्या कलमांवर कर्ज काढल्याचं तिला रोज ऐकवणंही थांबवा. कर्ज तिने मागितलं नव्हतं.

सेंटरचं तर डोक्यातून काढूनच टाका. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या 1994च्या कायद्यामुळे सोनोग्राफी केंद्राची नोंदणी लागते आणि तपासणी पात्र डॉक्टरनेच करायची असते. वर्षभराच्या प्रमाणपत्रावर स्वतःचं सेंटर चालवता येत नाही. तशी जाहिरात करणारे तुम्हाला फसवताहेत.

पानामागे मुलीने पेन्सिलीने लिहिलंय : ‘मावशीचं बाळ 29 आठवड्यांतच जन्मलं होतं. डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी केली आणि म्हणाले, उद्या व्हेंटिलेटर काढून बघू. त्यांना काय दिसलं?’

बाळा, फुप्फुसात हवा नीट भरली असेल तर पडद्यावर आडव्या रेषा दिसतात. पाणी असेल तर उभ्या रेषा दाटतात. छातीचे भाग पाडून प्रत्येकाला 0 ते 3 गुण देतात. इथे बेरीज जितकी कमी तितकं फुप्फुस बरं. श्वासपटल किती हलतंय तेही बघता येतं, आणि एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसल्याने तपासणी पुन्हापुन्हा करता येते. पण निर्णय एवढ्यावर होत नाही. ऑक्सिजन किती लागतोय, रक्तातले वायू, बाळ स्वतः किती जोर लावतंय, सगळं बघतात. व्हेंटिलेटरची नळी लवकर काढली तर पुन्हा घालावी लागते, उशीर केला तर यंत्राच्या दाबाने नाजूक फुप्फुसाला इजा होते.

डॉक्टर होऊन हे करायचं तर एमबीबीएस, बालरोगात एमडी, मग नवजात शिशुशास्त्रात डीएम, म्हणजे अकरा-बारा वर्षं. बाळ ठेवतात त्याच खोलीत बीएस्सी नर्सिंग झालेली सिस्टर असते, काही ठिकाणी श्वासाचे उपचार सांभाळणारा रेस्पिरेटरी थेरपिस्टही. बाळाचा श्वास तासातासाला मोजणारी ती सिस्टरच. या कामाला कमी लेखणाऱ्याने एक रात्र तिथे काढावी.

दादा, हे तिला वाचायला द्या. मग तिसऱ्यांदा बसायचंय का, ते तिलाच विचारा. नाही म्हणाली तर अर्ज भरू नका.