टर्बो नंतर, आधी इंजिन नीट बांध

भाऊ, टर्बो बसवायच्या आधी प्रत्येक पिस्टन रिंग तिच्याच सिलेंडरमध्ये बसवून फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधली गॅप मोज. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नको. हेड बोल्ट टॉर्क रेंचनेच (जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळ, मॅन्युअलमधल्या क्रमाने.

खरी परीक्षा ट्यूनिंगची. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. आत जाणारी हवा तापली की नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक, वाढतं. थंडीत जमवलेलं ठिणगीचं टायमिंग उन्हाळ्यात थोडं मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा. बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर तर मुळीच नको. त्याचे पैसे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरवर घाल. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून हवा-पेट्रोलचा १४.७ चा जुना रेशो धरून बसू नको, लॅम्डा बघ (प्रत्यक्ष रेशो भागिले त्या इंधनाचा आदर्श रेशो). फुल थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८. कन्नड घाट चढवण्याआधी रेडिएटरचा फॅन वेळेवर सुरू होतो ना, ते तपासच.