विकलेली गिटार आणि उभी ठेवलेली येझदी

आपला प्रश्न असा आहे की, आपले वय 24 आहे, पाच वर्षांपूर्वी घेतलेली पहिली गिटार विकून आणि त्यात थोडी बचत घालून जुनी यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल घेण्याचा आपला विचार आहे, आणि बरीच वर्षे गिटारी जमवणाऱ्या व मोटरसायकली चालवणाऱ्या लोकांना कोणती वस्तू विकल्याचा पश्चात्ताप होतो, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी नागपूरचाच आहे आणि आपण जे करू पाहत आहात तेच मी 1991 साली केले होते, फक्त माझी गाडी आरएक्स नसून येझदी होती. विकल्याचा पश्चात्ताप मला झालेला नाही. ज्या दोन गोष्टींचा झाला, त्या दोन्ही मी जपून ठेवल्या होत्या.

ती गिटार मी 1988 मध्ये सीताबर्डीवरच्या एका दुकानातून साडेसहाशे रुपयांना घेतली होती. तेव्हा परदेशी गिटार आमच्यासारख्यांच्या दृष्टीसही पडत नसे. गिवसन, हॉबनर ही कोलकात्याची नावे हीच आमची दुनिया होती. माझीही कोलकात्याचीच होती. वरची फळी, पाठ, कडा सगळे प्लायवूडचे, मान जाड, आणि तारा मानेवरच्या पट्टीपासून इतक्या उंच की बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा) धरताना डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला रग लागे. ब्रिज, म्हणजे तारा खाली जेथे अडकवतात तो भाग, उखडू नये म्हणून कारखान्यातूनच दोन नट-बोल्ट मारून आलेले होते आणि त्यांची डोकी झाकायला मोत्यासारख्या पांढऱ्या टिकल्या होत्या, ज्यांपैकी एक पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडली. ती गिटार मी काटोलच्या एका तरुण शिक्षकांना पाचशे रुपयांना दिली, घरून थोडे पैसे घेतले आणि नऊ हजारांना 1984 ची येझदी रोडकिंग आणली.

येझदी ज्यांनी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची ही 250 सीसीची टू-स्ट्रोक गाडी होती, दोन बाजूंना दोन सायलेन्सर असलेली, आणि तिची गंमत अशी की गिअरचीच दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होत असे. नवख्या माणसाला गाडी दिली की तो किक शोधत बसे आणि आम्ही मजा पाहत बसू. ऑइलची वेगळी टाकी नव्हती. पेट्रोल भरताना लिटरमागे 40 मिली टू-टी ऑइल आपणच मोजून घालावे लागे. हे मोजण्याचे काम किती महत्त्वाचे आहे, ते मला सिलेवानीच्या घाटाने शिकवले.

आम्ही चौघे, तीन गाड्या, एप्रिल महिना. सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याकडे निघालो होतो. मित्राने त्याची गिटार रेक्झिनच्या खोळीत घालून पाठीवर बांधली होती. सौंसरला पेट्रोल भरताना मी ऑइल मापाने न घालता अंदाजाने ओतले, आणि घाट चढताना इंजिनाचा आवाज हळूहळू आवळत गेल्यासारखा झाला, जणू कुणी मागून गाडी धरून ठेवत होते. मी वेळेवर क्लच दाबला, म्हणून मागचे चाक अडकले नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमधल्या ऑइलमधूनच. ते कमी पडले की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. आमच्या भाषेत गाडी ‘जाम झाली’. अशा वेळी किक मारत सुटण्यात अर्थ नसतो, इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे लागते. मोहाच्या झाडाखाली आम्ही पाऊण तास बसलो. मित्राने गिटार काढली तर तारा इतक्या तापलेल्या की त्याने पहिल्यांदा हातच मागे घेतला, आणि सूर तर पार उतरलेले होते. त्याने ते लावले, आम्ही गायलो, वाटेने जाणारा एक ट्रक थांबला आणि चालक क्लीनरसह खाली उतरून ऐकत उभा राहिला. नंतर मी पेट्रोलमध्ये जास्तीचे ऑइल घातले, गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली आणि निळ्या धुराचा लोट सोडत छिंदवाड्यापर्यंत गेली.

आम्हा जुन्या मंडळींची बैठक आजही रविवारी सकाळी तर्रीपोह्यांच्या निमित्ताने जमते आणि हा प्रसंग वर्षातून दोनदा तरी निघतो. कुणाची गिटार कितीची, कुणाच्या गाडीला आज किती भाव मिळेल, हे विषय तेथे दहा मिनिटेही टिकत नाहीत.

2003 मध्ये माझी पुण्याला बदली झाली. येझदी विकावी असे घरचे म्हणत होते, पण मी भावनेच्या भरात ती ठेवली: मागच्या अंगणात स्टँडवर चढवली, वर ताडपत्री टाकली आणि निघून गेलो. सात वर्षांनी परत येऊन ताडपत्री काढली तेव्हा सीटच्या आत उंदरांचे घर होते. टाकीत मी जाताना दोनेक लिटर पेट्रोल ठेवले होते, त्याचा तपकिरी चिकट थर झाला होता आणि त्यावरच्या रिकाम्या भागात, जेथे ओलसर हवा साचत होती, पूर्ण गंज चढला होता. कार्बोरेटरचे जेट बुजले होते, ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटवर पांढरी बुरशी यावी तसा थर होता, आणि इंजिनाच्या आतील रबरी सील कडक होऊन फुटले होते. माझे मिस्त्री नागपूरच्या सदर भागातल्या एका गल्लीत बसत. त्यांनी टाकीत टॉर्च मारून पाहिले आणि एवढेच म्हणाले, “काहून ठेवली होती बावा इतके वर्षं? देऊन टाकायची होती ना कोनाले.” दुरुस्तीचे बिल गाडीच्या मूळ किमतीच्या अडीच पट झाले. गाडी आज चालते, पण टाकी आणि क्रँक तिचे स्वतःचे राहिले नाहीत.

आता तर गाडी उभी ठेवणे आणखी महाग झाले आहे, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि जुन्या कार्बोरेटरमधील रबराला ते मानवत नाही. महिनाभर गाडी काढायची नसेल तर मी टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करतो आणि प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडतो. तरीही पंधरा दिवसांतून एकदा रामटेकची चक्कर मारणे हाच खरा उपाय आहे. कामठी, कन्हान, मनसर करत सकाळी साडेसहाला निघालेला माणूस गडाखाली चहा पिऊन साडेनऊपर्यंत घरी येतो.

दुसरा पश्चात्ताप गिटारीचा. 2012 मध्ये, पैसे हाताशी आल्यावर, मी एक चांगली अकूस्टिक गिटार घेतली: वरची फळी अस्सल स्प्रूसची, पाठ आणि कडा शिसवीच्या. (शिसव आपल्या विदर्भाच्या जंगलातही उगवते आणि दक्षिण भारतातील शिसवीला जगभरातील गिटारवाल्यांकडून मागणी असते, हे मला ती घेताना दुकानदाराने सांगितले तेव्हा उगाचच अभिमान वाटला होता.) इतकी महाग वस्तू रोज कशाला हाताळायची, म्हणून ती खोक्यासकट कपाटावर गेली. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदले गेले. शहरातील ती विक्रमी नोंद आहे. त्या आठवड्यात एका दुपारी कपाटावरून ‘टक्’ असा आवाज आला. मला वाटले पाल पडली. दोन दिवसांनी खोका उघडला तर ब्रिजच्या खालून कडेपर्यंत, लाकडाच्या रेषेबरोबर, केसाएवढी भेग गेलेली होती.

याचे कारण फक्त उष्णता नाही. गिटारीच्या लाकडाला हवेत साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ती 20 टक्क्यांच्या खाली जाते आणि पावसाळ्यात 80 च्या वर. लाकूड आटते ते रेषेच्या आडव्या दिशेने, आणि फळी आतील पट्ट्यांना व कडांना चिकटवलेली असल्यामुळे तिला आटायला जागा नसते. मग ती फाटते. फाटण्याआधी गिटार सूचना देते: पट्टीचे लाकूड आकसल्यामुळे फ्रेटची, म्हणजे पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोके बाहेर येऊन मानेच्या कडेला बोटांना टोचू लागतात, तारा खाली येऊन खरखरतात. रोज वाजवणाऱ्याला हे आठ दिवसांत कळते. कपाटावरच्या गिटारीचे कोणाला कळणार?

दुरुस्तीसाठी मी ती नागपूरच्या महाल भागात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरांकडे नेली. मला वाटले होते ते लगेच सरस लावतील. त्यांनी भेगेवरून नख फिरवले, गिटार कानाजवळ धरून बोटाने ठोकली आणि म्हणाले, “आठ दिवस पाणी पिऊ द्या हिला, मग आणा.” म्हणजे भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवून, ती डबी खोक्यात गिटारीच्या शेजारी ठेवायची आणि खोका बंद करायचा. आठ दिवसांत भेग आपोआप जवळजवळ मिटली. मग त्यांनी सरस गरम केला, पातळ करून बोटाने भेगेत चोळत मुरवला, आणि गोल छिद्रातून हात घालून आतील बाजूने बोटाच्या नखाएवढ्या लाकडाच्या तीन चकत्या भेगेला आडव्या चिकटवल्या. न बघता, फक्त स्पर्शाने. त्या चिकटवताना त्यांनी डोळे मिटले होते, हे मला फार आवडले. भेगेची रेष आजही दिसते, पण ती पुढे सरकलेली नाही.

आणि इकडे माझ्याकडे एक जुनी यामाहा एफजी 180 आहे, आत लाल चिठ्ठी असलेली, त्या काळी निप्पॉन गाक्की नावाने जपानमध्ये बनलेली. तिची फळी प्लायची आहे, म्हणून संग्राहकांतील काही मंडळी नाक मुरडतात. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात, त्यामुळे ती फारशी आटत नाही. ती माझ्या बैठकीत भिंतीवर टांगलेली असते, कूलरच्या झोतापासून दूर, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण ती वाजवतो. आमच्या उन्हाळ्यात भिंतीवर टांगायची गिटार प्लायचीच असावी, असे माझे ठाम मत आहे.

विकलेल्या गिटारीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. 2009 मध्ये एका लग्नात काटोलचे ते शिक्षक भेटले. मी हळूच विचारले, तर म्हणाले, आहे की, घरी चला. गिटारीवर तीच गळालेली टिकली नव्हती, तिच्या जागी त्यांनी शर्टाचे बटण चिकटवले होते. ब्रिजच्या बाजूचा रंग उजव्या हाताने घासून पार गेला होता. मी दुप्पट किंमत देतो म्हणालो. त्यांनी हसून मुलीला हाक मारली. ती आठवीत होती आणि तिने त्या उंच तारांवर बार कॉर्ड माझ्यापेक्षा स्वच्छ धरला. मी किमतीचा विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर. आपण गिटार आठवड्यातून दोनदाही हातात घेत नसाल तर ती जरूर विका, फक्त भिंतीवर शोभेसाठी लावणाऱ्याला देऊ नका. विकण्यापूर्वी तिच्या आतील चिठ्ठीचा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे माझ्या गिटारीचा एकही फोटो नाही. रोज वाजवत असाल तर आरएक्ससाठी आणखी वर्षभर पैसे साठवा.

आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले, म्हणजे आपल्याला मिळेल ती प्रत्येक गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असणार. नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे का, पर्यावरण कर भरलेला आहे का, आणि इंजिन व चासी यांचे क्रमांक आरसी बुकाशी जुळतात का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, कारण आरएक्स 100 च्या सांगाड्यात आरएक्स 135 चे इंजिन बसवलेल्या गाड्या बाजारात बऱ्याच आहेत. या गाडीला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. अनेकांनी तो पंप बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल घालणे सुरू केलेले असते. ते चालते, पण विकणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे, नाहीतर पहिल्याच टाकीला आपली गाडी माझ्यासारखी घाटात जाम होईल.

गाडी पाहायला सकाळी जा आणि पोचल्याबरोबर इंजिनावर हात ठेवा. ते गरम लागले, म्हणजे विकणाऱ्याने आपण येण्याआधीच गाडी सुरू करून ठेवली आहे. तेव्हा जवळपास कुठे चहा प्या, तासाभराने परत जा आणि पहिली किक आपणच मारा.