लेक लेबर कॅम्पात शिकवते, तिला बी.एड.ला घालू का?

पत्र थोडक्यात: आम्ही गोर बंजारा, मूळ पुसद तालुक्यातले. मी हिंजवडीजवळ बांधकामावर मुकादम आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज संध्याकाळी लेबर कॅम्पातली आपली पोरं गोळा करून शिकवते. त्यांच्याशी गोरमाटीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलते, लेंगी (आमची होळीची गाणी) म्हणून घेते. रात्री उशीर होतो, त्याची काळजी वाटते. आता म्हणते, पुढे हेच काम करणार. मी म्हणतो बी.एड. कर आणि सरकारी नोकरी बघ. आम्ही उन्हात राबलो ते तिनं परत कॅम्पात बसावं म्हणून नाही. तिला कसं समजवावं?

भाऊ, नमस्कार.

आधी बी.एड.चं बोलू, कारण त्यात तुमचे पैसे आणि तिची दोन वर्षं जातील. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालणार नाही. तुमची लेक लहान मुलांना शिकवते, तिचा जीवही त्यातच आहे. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणायचो तेच. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, दोन वर्षांचा अभ्यास असतो. नंतर टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर, मग टेट ही अभियोग्यता चाचणी आणि शेवटी पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ. भरती दरवर्षी निघत नाही, हे धरूनच चाला. सहावीपासून पुढे शिकवायचं असेल तर बी.एड. योग्य आहे. तिला विचारा, कोणत्या वयाची मुलं हवीत. तुमच्या घरातला वाद बहुधा या एका प्रश्नावरच सुटेल.

आता कॅम्पातल्या कामाबद्दल. ते तुम्हाला मागे जाणं वाटतं, मला तसं वाटत नाही. साईटवरचं मूल शाळेत जातं तेव्हा बाईंनी मराठीत विचारलेलं त्याला निम्मंच कळतं. ते गप्प बसतं आणि मग मागच्या बाकावर जातं. तेच मूल संध्याकाळी तुमच्या लेकीला गोरमाटीत सगळी हकिकत सांगतं. त्याची हकिकत तिने देवनागरीत लिहून त्याच्यापुढे धरली, की त्याला वाचायला पहिला धडा मिळतो. पुढच्या पानावर तीच हकिकत मराठीत. हे काम तिच्याइतकं चांगलं बाहेरून आलेल्या शिक्षिकेला जमणार नाही, मग ती कितीही शिकलेली असो.

गणिताचंही तसंच. या मुलांना अर्धा रोज म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं. एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट, हे तुम्ही मुकादम म्हणून रोज वापरता. एखाद्या संध्याकाळी तुम्हीच जा आणि मुलांना ब्रास मोजून दाखवा. कॅम्पातल्या आजीबाईंच्या कशिद्यात आरसे कसे समोरासमोर बसवलेले असतात, त्यावर भूमितीचा आठवडा निघेल.

एक मात्र तिला माझ्याकडून सांगा. लेंगी आणि कशिदा ही सुरुवात आहे. तिथेच थांबलं तर मुलं गॅदरिंगमध्ये पोशाख घालून नाचतील आणि पाचवीत जाऊनही वाचता येणार नाही. प्रमाण मराठी, इंग्रजी, भागाकार हे सगळं त्यांना यायलाच हवं. कोण कुठवर वाचतो हे तिने दर महिन्याला मुलागणिक वहीत लिहावं. उद्या मुलाखतीत ती वही प्रमाणपत्राइतकीच कामाला येईल.

हे काही नवं खूळ नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळेत येत नव्हती. तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. कॅम्पात धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नका, भावंडालाही बसू द्या, हे मी त्याच अनुभवावरून सांगतो. आणि रात्री उशीर होतो ही तुमची काळजी खरी आहे. वर्ग साडेपाचला सुरू करा, अंधार पडायच्या आत संपवा.

पोटापाण्याचं काय? पुण्यात डोअरस्टेप स्कूल ही संस्था बांधकामांवरच्या मुलांसाठी काम करते. ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेचं काम राज्यभर आहे. टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची फेलोशिप पदवीनंतर करता येते आणि त्यात मानधन मिळतं. कर्वे समाजसेवा संस्थेत एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी होते. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षण विषयात एम.ए. आहे, तिथे घरचं उत्पन्न बघून फीमध्ये सवलत देतात. पण संस्थांतली पुष्कळ कामं प्रकल्पापुरती असतात, निधी संपला की नोकरी संपते. म्हणून रुजू होण्याआधी नेमणूकपत्र किती महिन्यांचं आहे आणि पीएफ कापतात का, हे विचारायचंच. समाजकार्य आहे म्हणून पगाराचं बोलायला लाजू नये.

माझं मत विचाराल, तर आधी डी.एल.एड., आणि ते करतानाही कॅम्पातला वर्ग चालू. उद्या ती जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत लागली, तर ही मुलं तिथेच तिच्या वर्गात येतील आणि त्यांची भाषा कळणाऱ्या बाई त्यांना मिळतील. ते नाही जमलं तर संस्थांची वाट आहेच.

एक काम आजच हातात घ्या. विजा-अ (विमुक्त जाती) प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेयर लागेल. विमुक्त जातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. दाखला मूळ गावाकडूनच काढावा लागतो, त्यामुळे पुसदला एक फेरी होईल. तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद मिळते का ते बघा. पडताळणीला महिनोन्महिने लागतात आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. बी.ए.च्या निकालाची वाट न बघता पडताळणीचा अर्ज करा, आणि जाताना लेकीलाही सोबत न्या.